सातवी दुरुस्ती

दीनाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे प्रभुदास आढावांना रोज सकाळी दाढी करताना आठवायचं. आठवून काही होत नसे. वाईट वाटत नसे, राग येत नसे. दुखरा दात काढून टाकल्यावरही जीभ सवयीनं त्या खळग्यात जात राहते, तसं मन तिथे जायचं आणि परत यायचं. मग ते रेझर धुऊन ठेवत, टॉवेलनं तोंड पुसत आणि ओट्यापाशी उभ्यानंच चहा पीत.

पत्र एप्रिलात आलं होतं. आलं होतं म्हणजे पोस्टानं नव्हे. एकाच घरात राहणाऱ्या मुलीनं बापाला लिहिलेलं पत्र पोस्टानं कशाला येईल? वहीतला एक रेघांचा कागद, चार घड्या घातलेला, त्यांच्या मोठ्या शब्दकोशात खुणेच्या जागी ठेवलेला. नगरमधल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी शब्दकोशाची दोन पानं वाचतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे आता एकट्या दीनाला. प्रभुदासांची बायको सुवार्ताबाई, तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

अवघड गोष्टी या घरात आधीपासूनच समोरासमोर बोलल्या जात नसत. प्रभुदासांना मुलीला काही सांगायचं असलं की ते सुवार्ताबाईंना सांगत, त्या दीनाला सांगत, आणि दीनाचं उत्तरही त्याच वाटेनं परत येई. ती वाट बंद झाल्यावर बापलेकीत दूध, गॅस आणि लाईटबिल एवढ्याच गोष्टी उरल्या. भांडण म्हणाल तर कधीच नाही. तारकपूर स्टँडच्या मागचं ते तीन खोल्यांचं घर इतकं शांत होतं की शेजाऱ्यांना कधीकधी वाटे, कुलूपच आहे.

दीना छत्तीस वर्षांची होती. केडगावातल्या एका शाळेत गणित शिकवायची. लग्न झालं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी बोलणी होऊन मोडली, मग आईचं आजारपण निघालं, मग तो विषयच कुणी काढला नाही. पत्रात तिनं लिहिलं होतं :

‘पपा, सलाम. बोलून जमत नाही म्हणून लिहिते. केडगावात एक खोली पाहिली आहे. नविन इमारत आहे, स्वयपाकघर वेगळं आहे, पाणी रोज येतं. परिक्षा आणी निकाल उरकले की मी तिथे राहायला जाणार आहे. शाळा दुर पडते असं मी सगळ्यांना सांगणार आहे, पण ते खरं नाही. अकरा वर्षं जातेच आहे की. खरं कारण हे की आई गेल्यापासून आपण दोघंही घरात पाय न वाजवता चालतो. तुम्हाला माझा त्रास नको, मला तुमचा नको म्हणून. मला एकदा पाय वाजवून चालून बघायचं आहे.

एकच विचारायचं आहे. खोलीत पहिली प्रार्थना तुम्ही कराल का? पाळकसाहेब येतीलच, पण मला पहिली तुमची हवी आहे. तुम्ही मोठ्यानं करत नाही हे माहित आहे, म्हणूनच इतक्या आधी विचारते. तुमचं उत्तर येईपर्यंत मी तिथे दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.

जाते.

दीना’

प्रभुदासांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल कधी आली ते त्यांचं त्यांना कळलं नाही. दीनाचे आकडे बिनचूक असत, पण ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं लहानपणापासून वाकडं. ‘आणी’ लिहिलं होतं, ते ‘आणि’ केलं. ‘नविन’चं ‘नवीन’, ‘परिक्षा’चं ‘परीक्षा’, ‘दुर’चं ‘दूर’, ‘माहित’चं ‘माहीत’. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो दिला. शेवटी ‘जाते’ होतं. ते खोडून त्यांनी समासात बारीक, नीटस अक्षरात लिहिलं : ‘येते’.

सकाळी शाळेला निघताना लिहिलेलं पत्र. घाईत तिनं ‘जाते’ लिहिलं असणार. या घरात उंबऱ्याबाहेर पडणारं माणूस कधी ‘जाते’ म्हणत नसे. दीना लहानपणी दप्तर पाठीला लावून ‘आई, जाते’ म्हणाली की सुवार्ताबाई आतून ओरडत, “जाते काय म्हणतेस? येते म्हण!” आणि पोर परत दारात येऊन ‘येते’ म्हणून जाई.

पत्राखाली थोडी जागा होती. तिथे उत्तर लिहावं असं त्यांच्या मनात होतं. पण प्रार्थनेपाशी गाडी अडली. त्यांच्या ख्रिस्ती लोकांत घरोघर सभा भरत; चटईवर गोल करून बसायचं, गाणं म्हणायचं, आणि मग एकेकानं डोळे मिटून मनात येईल ती प्रार्थना मोठ्यानं करायची. ज्यांना सही धड करता येत नाही अशा म्हाताऱ्यासुद्धा देवाशी पाच-पाच मिनिटं झरझर बोलत. प्रभुदासांची पाळी आली की सुवार्ताबाई त्यांच्या आधीच सुरू करत. एकदाच, पुतण्याच्या साखरपुड्यात, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून ते म्हणाले, “हे प्रभू...” आणि थांबले. वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आतच त्यांना त्यातली चूक दिसे, दुसरं जुळवावं तर त्यातही दिसे. इतका वेळ गेला की कुणीतरी खोकलं, आणि मग चर्चचे पाळकसाहेबच म्हणाले, “आमेन.” नंतर जेवताना पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून ‘हे प्रभू’ म्हणत होती, ते त्यांनी ऐकलं होतं.

उत्तर राहिलं. पत्र टेबलावर शब्दकोशाखाली अर्धवट दिसत राहिलं. दोन दिवसांनी दीनानं टेबल पुसताना ते उचललं, पाहिलं, आणि होतं तिथे परत ठेवलं.

“किती निघाल्या?” तिनं विचारलं.

“सात.”

“सातच?” फडकं झटकत ती म्हणाली. “मला वाटलं जास्त निघतील.”

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी टेम्पो आला. टेम्पोवाला वैजनाथ, मूळचा नेवाशाकडचा, गळ्यात गमछा, तोंड सतत सुरू. पुस्तकांची पहिली पेटी उचलली आणि खाली ठेवली.

“मॅडम, काय भरलंय यात? दगडं का?”

“पुस्तकं आहेत.”

“मंग दगडंच की! लई जड हाय.” त्यानं प्रभुदासांकडे पाहिलं. “काका, लग्नाचं सामान का? न्हाई म्हनलं, वाजंत्री दिसंना.”

प्रभुदास दाराला टेकून उभे होते. दीना म्हणाली, “लग्न नाही. मी राहायला चाललेय केडगावला.”

“बदली झाली व्हय?”

“नाही. अशीच.”

वैजनाथला ‘अशीच’ हे काही उमजलं नसावं. तो क्षणभर बापलेकीकडे आळीपाळीनं पाहत राहिला आणि मग गादीची वळकटी खांद्यावर घेऊन चालू लागला. सामान फार नव्हतंच. पुस्तकांच्या चार पेट्या, कपड्यांची एक बॅग, गादी, खुर्ची, कुकर, आणि आईचं शिवणयंत्र. शिवणयंत्र नेऊ का, असं दीनानं विचारलं होतं आणि प्रभुदासांनी मान हलवली होती. त्या मानेचा अर्थ ‘ने’ असा होता, पण तिला तो कळला की नाही याची त्यांना अजूनही खात्री नव्हती.

प्रभुदास त्याच घरात जन्मले होते आणि तिथेच म्हातारे झाले होते. घर सोडून राहायला जाणं ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती; ती कशी करतात आणि मागे राहणाऱ्यानं अशा वेळी काय म्हणायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगी लग्न करून गेली तर बापानं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. रडायचं कधी तेही ठरलेलं असतं. ही सहा किलोमीटरवर चालली होती, अशीच. समोरच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि तांदळाकडे बघत नव्हत्या.

“काका, चला की,” वैजनाथ म्हणाला. “केबिनमदी जागा हाय. लेकीचं सामान हाय, बाप नको व्हय उतरवून घ्यायला?”

दीनानं वर पाहिलं. ती केबिनचं दार धरून उभी राहिली.

“मला काम आहे,” प्रभुदास म्हणाले.

त्यांना काम नव्हतं. दीनालाही ते माहीत होतं. तिनं मान हलवली, टेम्पोत चढली, दार एकदा नीट लागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा जोरात ओढलं, आणि टेम्पो निघून गेला. ती काय म्हणून गेली, ‘येते’ की ‘जाते’, ते इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही. कदाचित काहीच म्हणाली नसेल.

पुढचे महिने गेले. ते कसे गेले हे सांगता येण्यासारखं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. प्रभुदास उठत, दाढी करत, शब्दकोशाची दोन पानं वाचत. ‘म’ संपून ‘य’ लागला. दुपारी एक भाकरी आणि सकाळचीच भाजी. शेजारपाजारचे आडून विचारत, “मग काय, एकटेच?” आणि ते म्हणत, “हो.” घरात दुसरं कुणी नसतानाही ते पूर्वीसारखेच पाय न वाजवता चालत. एकदा डब्याचं झाकण हातातून सुटलं आणि फरशीवर गरगरत बराच वेळ वाजत राहिलं. ते थांबेपर्यंत प्रभुदास जागच्या जागी उभे होते, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण कुणाची झोपमोड झाली का याचा कानोसा घेत आहोत.

रविवारी चर्चमध्ये दीना भेटे. बाकावर त्यांच्या शेजारी बसे, गीताचं पान काढून देई, उपासना झाली की डबा हातात ठेवी. “डब्यात वांगं आहे.” “बरं.” “गुडघा?” “बरा आहे.” बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, काय छान बापलेक आहेत.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नॅन्सी आली. नॅन्सी ही प्रभुदासांची धाकटी बहीण. नर्स म्हणून निवृत्त होऊन भिंगारला राहायची. आयुष्यभर वॉर्डात ओरडून ओरडून तिचा आवाज मोठा झाला होता आणि निवृत्तीनंतर तो लहान करायची तिला गरज वाटली नव्हती. आल्या आल्या तिनं खिडक्या उघडल्या, फ्रिज उघडला, नाक मुरडलं आणि चहा ठेवला.

“दादा, मी काल पोरीच्या खोलीवर जाऊन आले.”

“बरं.”

“बरं काय? ऐक आधी. चार महिने झाले. पेट्या जशाच्या तशा. सुतळीसुद्धा सोडलेली नाही. एक तवा, एक पातेलं, एक ताट. गादी भिंतीला गुंडाळून उभी केलेली, झोपायच्या वेळी पसरते म्हणे. भिंतीला एक खिळा नाही. सुवार्ताचा फोटो आणलाय, तोही वर्तमानपत्रात बांधून पेटीवर ठेवलाय. अरे, धर्मशाळेत उतरल्यासारखी राहते पोर!”

प्रभुदास कपातल्या सायीकडे पाहत होते.

“मी म्हटलं, बाई गं, पाळकसाहेबांना बोलव, चार बायका बोलव, गाणं होऊ दे, प्रार्थना होऊ दे, आणि सामान लाव. तर म्हणते कशी, ‘आत्या, पपांना विचारलंय. त्यांचं उत्तर यायचंय.’ कुठून यायचंय उत्तर? अमेरिकेहून?”

“मी लिहिणार होतो.”

“लिहिणार होतास! मिठाची गुळणी धरून बसलायस एप्रिलपासून आणि लिहिणार होतास.” नॅन्सीनं कप आदळला. “आता ती काय म्हणते ते ऐक. ‘पपांना नको असेल तर तसं ते म्हणणार नाहीत. न बोलणं हेच त्यांचं उत्तर असेल. महिनाअखेर खोली सोडते आणि घरी येते.’ झालं तुझ्या मनासारखं?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तू काय म्हटलंस ते कुणाला माहितीय, दादा? तुला तरी माहितीय का?”

नॅन्सीनं त्यांचं बीपी पाहिलं, “ठीक आहे, तुझं कशाला वाढतंय, दुसऱ्याचं वाढवतोस तू,” म्हणाली, आणि रिक्षा बोलावून गेली.

ती गेल्यावर ते खुर्चीवर बसून राहिले. दीना परत येणार होती. त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. आतापर्यंत जे करत होते तेच, म्हणजे काहीही नाही, आणखी आठ-दहा दिवस करायचं, की तोच टेम्पो उलट्या दिशेनं दारात येऊन उभा राहणार होता. कुणी त्यांना नावं ठेवणार नव्हतं. ‘बापासाठी परत आली’ असंच म्हणणार होते सगळे, आणि समोरच्या बायका डोळे पुसणार होत्या. मग पुन्हा दूध, गॅस, लाईटबिल. पुन्हा दोघंही पाय न वाजवता. त्यांनी आत कुठे आनंद झालाय का ते शोधून पाहिलं. नव्हता. दुःखही नव्हतं. बधिर पायावर उभं राहावं तसं सगळं.

त्यांनी कधीतरी कपाटात ठेवून दिलेलं पत्र बाहेर काढलं. एप्रिलनंतर पहिल्यांदाच.

पेन्सिलीच्या खुणा अजून ठळक होत्या. नव्या मुलांना शिकवावं तशा त्यांनी त्या एकेक तपासल्या. आणि, बरोबर. नवीन, बरोबर. परीक्षा, दूर, माहीत, अनुस्वार. सातव्या खुणेपाशी त्यांचं बोट थांबलं. ‘जाते’ या शब्दात चूक काय होती? ज ला काना, त ला मात्रा. शुद्ध शब्द. तो बदलायचं कारणच नव्हतं.

छापखान्यात त्यांची ख्याती होती ती यासाठीच. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ आपलं, विरामचिन्ह आपलं, शब्द त्याचा. एका वकिलानं आपल्या आत्मचरित्रात स्वतःला चौदा वेळा ‘थोर’ म्हटलं होतं, तेही प्रभुदासांनी चौदा वेळा तसंच जाऊ दिलं होतं. नवीन मुलगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी ते हेच सांगत, “तुला पटत नाही म्हणून ते चूक होत नाही.” अडतीस वर्षांत त्यांनी कुणाचा एक शब्द बदलला नव्हता. बदलला तो हा एक, स्वतःच्या मुलीच्या पत्रातला, आणि तोही असा की बघणाऱ्याला वाटावं, शुद्धलेखन तपासलंय.

दीनाला ते तेव्हाच दिसलं असणार. “सातच?” असं तिनं विचारलं, ते ‘जाते’सुद्धा त्यांनी चुकांतच मोजलं होतं म्हणून.

खोडलेला शब्द परत हवा असला तर छापखान्यात त्याखाली टिंबं देतात. टिंबं पाहिली की खिळे जुळवणारा जुळारी समजतो, हा शब्द राहू द्यायचा. प्रभुदासांनी पेन्सिल घेतली आणि ‘जाते’खाली तीन टिंबं दिली. समासातल्या ‘येते’वर काट मारली. कागद लांब धरून पाहिला. काम चोख झालं होतं. हे तसंच पाकिटात घालून पाठवावं असं त्यांच्या मनात आलं, आणि पाकीट शोधायला ते उठलेसुद्धा. मग पुन्हा बसले. दीनाला टिंबांचा अर्थ कळणार नव्हता. तो जगात आता पाच-दहा म्हाताऱ्यांनाच कळत असेल. तिला वाटलं असतं, पेन्सिलीचं टोक लागलं.

रविवारी चर्चमध्ये दीनानं डबा दिला.

“कारलं आहे. आवडणार नाही, पण खा.”

“बरं.”

“मालकीणबाई विचारतायत, पुढच्या महिन्यापासून राहणार का म्हणून.” ती चपलेच्या पट्ट्याशी वाकली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. “मी शनिवारपर्यंत सांगते म्हटलंय.”

तोंड उघडायची वेळ हीच होती. आजूबाजूला माणसं एकमेकांना सलाम करत होती, पोरं पायरीवरून उड्या मारत होती. प्रभुदासांनी वाक्य जुळवलं. त्यातली चूक दिसली. दुसरं जुळवलं.

“मागचा डबा घरी राहिला,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी आणतो.”

“आणा,” दीना सरळ होत म्हणाली. “घाई नाही.”

सोमवारी सकाळी त्यांनी शब्दकोश उघडला नाही. पोस्टात जाऊन निळं आंतरदेशीय पत्र आणलं. खिडकीतल्या मुलीला ते ड्रॉवरच्या तळातून शोधून काढावं लागलं. ते टेबलावर ठेवून सोमवार गेला. मंगळवारी चार कोरे कागद फुकट गेले. पहिल्यावर ‘प्रिय दीना’ खोडलं, कारण तसं ते कधी म्हणत नसत. दुसऱ्यावर उशिराचं कारण लिहायला घेतलं आणि ते पान भरूनही कारण सापडेना. बुधवारी सकाळी, दाढी झाल्यावर, त्यांनी कच्चं लिहायचं सोडून दिलं आणि थेट निळ्या कागदावर लिहिलं.

‘दीना, सलाम.

उत्तराला उशीर झाला.

तुझ्या पत्रात मी सात ठिकाणी पेन्सिल चालवली. सहा ठिकाणी बरोबर होतो. सातव्या ठिकाणी तुझा शब्द बरोबर होता, मी बदलायला नको होता. तुझी आई असती तर तिनंही तुला टोकलं असतं, पण टोकून मग पिशवी भरून दिली असती. मी नुसतंच टोकलं.

खोली सोडू नकोस. सामान लाव.

प्रार्थना मी करीन. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता येतो. पाळकसाहेबांना आणि आत्याला तू सांग. मला मोठ्यानं सुचत नाही, म्हणून घरून लिहून आणीन आणि वाचीन. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. माझे उघडे राहतील, एवढंच. कुणी हसलं तर हसू दे.

मी इथे ठीक आहे असं लिहिणार होतो. पण ते मी तपासून पाहिलेलं नाही.

तुझे पपा’

घडी घातली, कडा चिकटवल्या, पालथं केलं, आणि पेन उचलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला पत्ता माहीत नाही. चार महिन्यांत कधी विचारलाच नव्हता. त्यांनी नॅन्सीला फोन लावला.

“दीनाचा पत्ता सांग.”

“पत्ता? कशाला? जायचंय का? मी येते, रिक्षानं जाऊ.”

“लिहायचाय.”

“कशावर?”

“पत्रावर.”

“सहा किलोमीटरवर पत्र पाठवतोयस?”

“हो.”

“फोन आहे ना रे तिच्याकडे, दादा.”

“आहे.”

“बरं,” नॅन्सी म्हणाली, आणि कधी नव्हे ते पुढे काही न बोलता तिनं पत्ता सांगितला. इमारतीचं नाव, दुसरा मजला, देवीच्या देवळाकडे जाणारा रस्ता. प्रभुदासांनी उतरून घेतला. ‘केडगाव’पर्यंत नीट आलं. पुढे हात सवयीनं ‘अहमद’ लिहून मोकळा झाला. मग आठवलं, नाव बदललंय. ते खोडून वर ‘अहिल्यानगर’ लिहिलं, आणि ते दाटीत बसेना म्हणून ‘नगर’ खालच्या ओळीत गेलं. इतकी खाडाखोड असलेला कागद त्यांनी जन्मात कुणाच्या हाती दिला नव्हता. दुसरं आंतरदेशीय आणावं का, असा विचार त्यांनी चप्पल घालताना केला, रस्त्यानं चालताना केला, पोस्टाच्या फाटकात शिरतानाही केला.

खिडकीतली मुलगी सोमवारचीच होती.

“हे शनिवारच्या आत पोचेल का?”

तिनं पत्ता पाहिला. “केडगाव? उद्या जाईल आजोबा, फार तर परवा. पण इथेच तर आहे की. कुणी जाणारं असेल तर त्याच्या हाती द्या ना.”

“नको,” प्रभुदास म्हणाले. “पोस्टानंच जाऊ दे.”

“मग बाहेर पेटीत टाका. बाराला उघडतात.”

लाल पेटी दाराच्या उजव्या हाताला होती. त्यांनी पत्र फटीत सरकवलं आणि सोडलं. काही वाटेल अशी त्यांना थोडी अपेक्षा होती. काही वाटलं नाही. मग शंका आली, कड फटीत अडकली असली तर? त्यांनी दोन बोटं आत घालून चाचपलं. काही लागलं नाही. पुन्हा चाचपलं.

“पडलं, काका,” मागे पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला. “सरका आता थोडं.”

ते सरकले.